सह्याद्रीच्या उतारावर घर : आधी पाणी, मग लाकूड, नकाशा त्यानंतर

डोंगरात घर बांधायचे म्हटले की बोलणे लगेच जांभ्याच्या भिंती, जुन्या वाड्याचे सागवानी खांब आणि मंगळुरी कौले यांवर येते. ही सगळी सामग्री उत्तम आहे. पण उतारावर घर टिकणार की नाही हे पहिल्या चिऱ्याच्या बरेच आधी ठरते : डोंगरावरून येणारे पाणी कुठून जाणार, यावर. म्हणून या लेखात साहित्याआधी पाण्याचा हिशेब आहे.

जागा जुलैत बघावी

डिसेंबरात प्रत्येक उतार देखणा दिसतो. जागा घ्यायचीच असेल तर भर पावसात, सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर पाहावी. कुठे जमिनीतून पाणी पाझरते, कुठे चिखल पायाखाली हलतो, कुठली घळ उन्हाळ्यात कोरडी असूनही आता ओढ्यासारखी वाहते, हे तेव्हाच कळते. बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेली झाडे एका ओळीत दिसली, तर तिथली माती हळूहळू खाली सरकत असण्याची शंका घ्यावी. उताराला आडव्या, कमानीसारख्या भेगा असतील तर त्या जागेचा विचार सोडून द्यावा.

माळीण (30 जुलै 2014), तळीये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) या तिन्ही दरड-दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, आणि तो योगायोग नाही. जून-जुलैच्या पावसाने माती आधीच पाणी पिऊन फुगलेली असते. खाली काळा कातळ असतो, त्यात पाणी सहज शिरत नाही. मग माती आणि कातळ यांच्या सांध्यातून पाणी वाहू लागते, आतला दाब वाढतो आणि एखाद्या मुसळधार रात्री वरचा थर सुटतो. तिन्ही ठिकाणी माणसे आधीपासून राहत होती. तेव्हा ‘इथे पूर्वापार वस्ती आहे’ हा सुरक्षिततेचा पुरावा धरू नये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आहेत. ते आधी बघावेत, मात्र नकाशातला हिरवा रंग म्हणजे तुमच्या गुंठ्याला दिलेले प्रमाणपत्र नव्हे.

दक्षिण कोकणात वेगळाच धोका आहे. वरचा जांभा कडक असतो, पण त्याच्याखाली अनेक ठिकाणी पांढरट-गुलाबी शेडी माती असते. सुकी असताना ती उभी राहते, कुदळीने कापली तर सुरेख गुळगुळीत कापली जाते. ओली झाली की तिची ताकद जाते आणि ती वाहू लागते. उतार कापताना शेडी लागली तर तो काप उघडा ठेवून पावसाळ्यात जाऊ नये.

उतार मोजणे सोपे आहे. 10 फुटांची सरळ पट्टी वरच्या टोकाला जमिनीला टेकवून पाणपातळीने आडवी धरावी आणि खालच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी. उंची 2 फूट आली तर उतार 1:5. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 1:5 हून तीव्र उतारावर बांधकामाची परवानगी मिळत नाही. शेतजमीन, बिगरशेती, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ही कागदपत्रे तालुक्याला तपासून घ्यावी लागतातच; दलालाचे ‘होऊन जाईल’ हे त्यांतले एकही कागदपत्र नाही.

डोंगर किती कापायचा

कमीत कमी. घराची लांब बाजू उताराला आडवी, म्हणजे समान उंचीच्या रेषेला समांतर ठेवावी आणि खोली कमी ठेवावी. 1:5 उतारावर 30 फूट खोल घर बसवायचे तर पुढच्या-मागच्या जमिनीत 6 फुटांचा फरक पडतो. 16 फूट खोल ठेवले तर फक्त सव्वातीन फुटांचा. तेवढा फरक ओटी आणि माजघर यांच्यात चार पायऱ्या घालून सहज मुरवता येतो. जुन्या कोकणी घरांत पडवी, ओटी, माजघर एकेक पायरी चढत जाते. उतारावर त्याहून चांगला आराखडा शोधायला जायची गरज नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे जेसीबीने वरची बाजू कापून तीच माती खालच्या बाजूला ढकलणे आणि तयार झालेल्या सपाटीवर घर बांधणे. मागचे अर्धे घर मूळ जमिनीवर येते, पुढचे अर्धे भरावावर. भराव पुढची काही वर्षे बसत राहतो आणि काप-भरावाच्या सीमेवर, अगदी रेघ मारल्यासारखी, भिंतीला तड जाते. भरावावर अंगण करावे, फार तर पडवीचा हलका खांब ठेवावा. भार घेणाऱ्या भिंतींचा पाया मात्र मूळ मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत गेलाच पाहिजे. उतारावर पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात. प्रत्येक पायरीचा तळ सपाट हवा. तळ उताराबरोबर तिरका ठेवला, तर अख्खी भिंत खाली घसरायला मोकळी होते.

आता पाणी. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 हजार लिटर पाणी होते. घराच्या वरच्या अंगाला 15 गुंठ्यांचा उतार असेल आणि तासाभरात तेवढा पाऊस कोसळला, तर दीड लाख लिटर, म्हणजे दर सेकंदाला सुमारे 42 लिटर पाणी घराच्या पाठीवर येते. ते अडवून बाजूला नेणारा चर हे घराचे पहिले बांधकाम. हा चर घरापासून 10-15 फूट वर, दीड फूट रुंद, 1 फूट खोल, दगडाने बांधलेला आणि 100 फुटांना 1 फूट उतार दिलेला असावा. हिशेबाने तो सेकंदाला 100 लिटरहून जास्त वाहून नेतो. पण पाला आणि गाळ साचल्यावर निम्मेच धरावे. म्हणून एवढा मोठा. पाणी जिथे सोडायचे तिथे नैसर्गिक ओढा किंवा कातळ असावा. शेजाऱ्याच्या बांधावर सोडले तर पुढच्या वर्षी भांडण आणि त्यापुढच्या वर्षी घळ, दोन्ही हातात येते.

शोषखड्ड्याबद्दलही इथेच सांगायला हवे. तो घराच्या वर किंवा आधारभिंतीच्या लगेच पाठीमागे कधीच नसावा. बारा महिने पाणी मुरवून उतार आतून ओला ठेवण्याचा तो खात्रीचा उपाय ठरतो.

काप लहान असेल तर आधाराला कोरड्या दगडांची ताल, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली आधारभिंत, पुरते, आणि ती सिमेंटच्या भिंतीपेक्षा बरी, कारण तिच्या फटींतून पाणी आपोआप निघून जाते. 5 फूट उंच तालीचा तळ अडीच फूट रुंद, दर्शनी बाजू दर फुटाला 2 इंच डोंगराकडे झुकलेली. मग माथा वीसेक इंच राहतो. सर्वांत मोठे दगड तळात, प्रत्येक दगडाचा लांब भाग आतल्या बाजूला. भिंत आणि माती यांच्यामध्ये 1 फूट जाडीचा डबराचा, म्हणजे फुटक्या दगडांचा, भराव हवा. गवंडी घाईत असला की हाच भाग मुरूम टाकून संपवतो. मुरमात पाणी तुंबते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ताल पोट काढते. सिमेंटात बांधलेली भिंत असेल तर 3 इंची पाइप, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आडवे-उभे दर 5 फुटांवर ठेवावेत. 5 फुटांपेक्षा उंच काप असेल तर दोन टप्पे करावेत किंवा स्थापत्य अभियंत्याकडून भिंत काढून घ्यावी. हे काम अंदाजाने करायचे नाही.

जुने लाकूड नकाशाच्या आधी

नवे साहित्य नकाशाप्रमाणे आणता येते. जुने जसे मिळेल तसे घ्यावे लागते, म्हणून क्रम उलटा : आधी लाकूड आणि दारे-खिडक्या विकत घ्याव्यात, प्रत्येक नगावर रंगाने क्रमांक टाकून मापयादी करावी, मग नकाशा.

वाडे पाडणारे ठेकेदार लाकूड घनफुटावर विकतात. हिशेब असा : रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटांत, भागिले 144. म्हणजे 5 बाय 7 इंची, 10 फूट लांब तुळई 2.43 घनफूट भरते. कुजलेली टोके मोजमापात धरायची नाहीत, हे दर ठरण्याआधी बोलून घ्यावे. नंतर कोणी ऐकत नाही.

तुळईची टोके भिंतीत गाडलेली असतात आणि कुजतात तीच. पेचकस टोचून बघावा. चांगल्या सागात तो जेमतेम शिरतो, वाळवी लागलेल्यात मुठीपर्यंत जातो. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. मग खाचा आणि भोके बघावीत. तुळईच्या मधल्या भागात, खालच्या बाजूला खाच असेल तर ती तुळई म्हणून वापरू नये, कारण वजन आल्यावर तिथेच लाकूड ताणले जाते. उलटी करून खाच वर आणता आली तर उत्तम, नाहीतर तिचा खांब करावा. चिरायला नेण्याआधी चुंबक फिरवून सगळे खिळे काढावेत. एक खिळा राहिला तरी पाते जाते आणि त्याचे पैसे गिरणीवाला तुमच्याकडूनच घेतो.

खोलीची रुंदी आता लाकूड ठरवते. बहुतेक तुळया 11 फुटी आहेत असे धरू. दोन्ही टोकांची 6-6 इंच कुजलेली बाजू कापली की 10 फूट उरले. दोन्ही भिंतींवर 9-9 इंच टेकायला गेले. खोली साडेआठ फुटांची. नकाशात 10 फूट आधीच काढले असतील तर नवे लाकूड घेणे आले, आणि मग जुन्याचा सगळा फायदा गेला. कडीपाटाच्या, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकलेल्या, माळ्यासाठी 10 फुटांच्या गाळ्याला 3 बाय 6 इंची सागवानी कड्या दीड-दीड फुटावर पुरतात. 3 बाय 5 इंची कड्या मोडणार नाहीत, पण चालताना माळा हलतो.

टोक भिंतीत बसवताना खाली सपाट दगड ठेवावा आणि बाजूंनी व मागे बोटभर हवा खेळती ठेवावी. भोवती सिमेंट कोंबले की टोकाला ओल धरते आणि वाड्यात शंभर वर्षे टिकलेले लाकूड नव्या घरात दहा वर्षांत कुजते.

वाड्यांची दारे बुटकी असतात. साडेपाच फुटांची चौकट नेहमीची. कपाळमोक्ष टाळायचा तर चौकट उचलून वर बसवण्यापेक्षा ती देवघर, कोठी, कपाट अशा ठिकाणी वापरावी. रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्तात मिळतात, पण त्यांत मुरवलेले क्रिओसोट विषारी असते. ते घरात किंवा स्वयंपाकघराजवळ आणू नयेत. जुना ऑइलपेंट घासतानाही तोंडाला मास्क हवा, त्यात शिसे असू शकते. जुन्या विटा घेताना पाण्यात भिजवून वाळवून बघाव्यात. वर पांढरी बुरशीसारखी पावडर आली तर लोणा आहे, आणि तो नव्या भिंतीतही गिलावा सोडवत राहतो.

भिंत

चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याचे, प्रचलित माप साधारण 14 बाय 9 बाय 7 इंच, वजन 30 किलोच्या आसपास. 9 इंची भिंतीच्या 100 चौरस फुटांना 130 ते 135 चिरे लागतात. जिथे ट्रक पोचत नाही तिथे हे सगळे डोक्यावरून न्यायचे आहे, तेव्हा मजुरीचा हिशेब रस्त्याच्या टोकापासून करावा, खाणीपासून नव्हे.

खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो. हवा-ऊन लागून तो कडक होतो. म्हणून दोन-तीन महिने रचून ठेवलेला माल घ्यावा. चिऱ्यात पांढरे, चिकणमातीचे डाग मोठे असतील तर तो शेडीच्या जवळून काढलेला आहे, बाजूला ठेवावा. शंका असेल तर चिरा सुका तोलून 24 तास पाण्यात बुडवावा. 30 किलोच्या चिऱ्याचे वजन साडेतीन किलोहून जास्त वाढले तर तो बाहेरच्या भिंतीला नको.

चुन्याबद्दल हल्ली फार भाबडेपणाने बोलले जाते. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, तोही अतिशय सावकाश, घट्ट होतो. ओल्या हवेत आणि जाड दरजेत तो महिनोन्‌महिने मऊच राहतो. त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घातली की पाण्यातही तो धरतो. चुना, सुरखी, वाळू समान भाग हे प्रमाण चिऱ्याच्या भिंतीला चालते. चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, विरवून किमान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावी. न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलावा फोडतात. विरवताना पाणी उकळते, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय जवळ जाऊ नये. चुन्याचा जाणता गवंडी मिळाला नाही तर हट्ट सोडावा आणि जोते व बाहेरच्या भिंती सिमेंट 1, चुना 1, वाळू 6 या मिश्रणात कराव्यात. बाहेरून घट्ट सिमेंटचा गिलावा मात्र नको. त्याला केसासारख्या चिरा पडतात, पाणी आत जाते, बाहेर पडत नाही, आणि ओल घरात उतरते.

काळ्या दगडाची भिंत करणार असाल तर किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात तिथल्या जाड दगडी भिंती पडल्या, कारण आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे थर होते, मध्ये माती आणि बारीक दगड. दोघांना बांधणारे काही नव्हते, आणि वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, ओझे. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तर ऐन सह्याद्रीतला. उपाय स्वस्त आहे. दर 2 फूट उंचीला, 4-4 फुटांवर, भिंतीच्या जाडीइतका लांब आरपार दगड घालायचा. जोते, दारांचा माथा आणि छताखाली अशा तीन पातळ्यांवर घराभोवती अखंड पट्टा हवा : 3 इंच जाड काँक्रीट, 10 मिलिमीटरच्या 2 सळया, दर 6 इंचांवर 6 मिलिमीटरची आडवी कडी. ‘नैसर्गिक’ घरात सिमेंट नकोच असा आग्रह धरणाऱ्यांनी निदान या पट्ट्यापुरता तो बाजूला ठेवावा, न्हाणीघरापुरताही.

छप्पर आणि झड

16 फूट रुंद घराला आढे भिंतीच्या माथ्यापेक्षा 5 ते साडेपाच फूट उंच ठेवावे, म्हणजे उतार 32 ते 34 अंशांचा होतो. याहून सपाट छपरावर वाऱ्याने पाणी कौलाच्या सांध्यातून उलटे चढते. वळचण 3 फूट बाहेर काढली तर ती 2 फूट खालीही येते, हे विसरू नये. 9 फुटी भिंतीला पागोळ्या 7 फुटांवर पडतील. डोंगराच्या बाजूला काप आणि भिंत यांत 5 फुटांची मोकळी गल्ली आणि तिच्यात पक्के गटार हवे. ती नसेल तर छपराचे पाणी थेट पायात जाते.

पण 3 फुटांची वळचण पुरत नाही. झड 45 अंशांत येते तेव्हा 3 फूट वळचणीखाली 3 फूटच भिंत कोरडी राहते. म्हणून नैर्ऋत्येला, जिकडून पावसाचा वारा येतो तिकडे, 6 फूट रुंद पडवी घ्यावी आणि पावसाळ्यात तिला झाप, म्हणजे झावळ्यांचे पडदे, लावावेत.

छपराच्या 100 चौरस फुटांना सुमारे 150 मंगळुरी कौले लागतात. वळचणीसकट 1000 चौरस फूट जागा झाकायला या उताराला जवळपास 1200 चौरस फूट छप्पर लागते, म्हणजे 1800 कौले आणि सुके वजनच 4 टनांच्या आसपास. जुनी घ्यायची तर दोन-अडीचशे जास्त घ्यावीत. मंगळुरात बाझेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर अनेक निघाले आणि प्रत्येकाच्या साच्याच्या खाचा थोड्या वेगळ्या. कौलाच्या पाठीवर छाप असतो. एका पाखीवर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, एकाच छापाची कौले वापरावीत. मिसळली की सांधे नीट बसत नाहीत आणि गळतीची जागा सापडता सापडत नाही. रिपांचे, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचे, अंतर पुस्तकातून घेऊ नये. तुमचीच दहा कौले जमिनीवर एका रांगेत, एकदा दाबून आणि एकदा ताणून मांडावीत, दोन्हींची सरासरी काढावी.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात असंख्य छपरे उडाली. वारा आधी वळचण आणि आढे पकडतो, तेव्हा खालच्या दोन ओळी आणि आढ्याची कौले तारेने रिपांना बांधावीत, वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने जखडावेत. चौपाखी छप्पर वाऱ्याला बरे आणि त्यात पडायला त्रिकोणी भिंतच नसते. पण कोनवाशावर, म्हणजे दोन पाखी मिळतात त्या तिरक्या वाशावर, कौले कापावी लागतात, आणि कापताना सुतार घाई करेल तिथे गळेल.

राहिली माकडे. कोकणात कौले सोडून लोक पत्र्याकडे वळले त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि त्यावर पूर्ण इलाज नाही. कौलाखाली फळ्यांचा थर किंवा पातळ पत्रा घातला तर फुटलेल्या कौलातून पाणी घरात येत नाही, एवढे साधते. पत्रा घातल्यास कौल आणि पत्रा यांत हवा जायला फट ठेवावी, नाहीतर पहाटे पत्र्याला घाम फुटतो आणि रिपा सडतात. घराशेजारी फणस-आंब्याची फांदी छपरावर येत असेल तर ती आधी कापावी.

वेळापत्रक

चर आणि ताल ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाया डिसेंबरपर्यंत, चुन्याचे काम मार्चअखेर संपलेले, छप्पर मेच्या मध्यापर्यंत पूर्ण. आतला गिलावा आणि जमीन पुढच्या हिवाळ्यावर ढकलली तरी काही बिघडत नाही; छप्पर ढकलले तर सगळे बिघडते. फेब्रुवारीत अजून जोतेच चालू असेल तर त्या वर्षी भिंती उठवू नयेत, जोत्यावर ताडपत्री घालून थांबावे.

पहिल्या पावसात दर आठवड्याला वरचा चर साफ करावा आणि तालीच्या फटींतून पाणी येते का ते बघावे. एका ठिकाणी येत नसेल तर तिथे मागे तुंबले आहे. भिंतीला तड दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी. दिवाळीपर्यंत तड त्या रेघांच्या आत राहिली तर चुन्याने भरून घ्यावी. रेघ ओलांडून गेली किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसली, तर भरण्याआधी अभियंत्याला बोलावून पाया उघडून बघावा.